बागेतील ओक आणि वेली गुलाब

ओक आणि वेली गुलाब ही इंग्लंडच्या बागेची दोन ठळक चिन्हे मानली जातात. बागेत मात्र त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध ठरतो. ओक हा वृक्ष. तो स्वतःच्या खोडावर उभा राहतो, शतकानुशतके वाढतो आणि एकदा रुजला की माळ्याकडे फारसे काही मागत नाही. वेली गुलाब हे लांब फांद्यांचे झुडूप. त्याच्या फांद्यांना स्वतःचा भार पेलत नाही, म्हणून त्याला भिंत, कमान, मांडव किंवा दुसरे झाड लागते, आणि दरवर्षी छाटणी व बांधणीही लागते. ओकच्या बाबतीत जवळजवळ सगळा विचार लावण्याआधी, जागा निवडताना करावा लागतो. गुलाबाच्या बाबतीत तो प्रत्येक हंगामात थोडा थोडा करावा लागतो. त्यामुळे या दोघांची तुलना केवळ सौंदर्यावर किंवा आकारावर भागत नाही. ती जागा, वर्षे आणि श्रम या तीन मापांनी करावी लागते.

ओक म्हणजे क्वेर्कस ही प्रजाती. उत्तर गोलार्धात तिच्या 400हून अधिक जाती आढळतात. ब्रिटनच्या मूळच्या जाती मात्र दोनच आहेत. क्वेर्कस रोबूर या जातीची फळे लांब देठावर लोंबतात आणि पानांना देठ जवळजवळ नसतो. क्वेर्कस पेट्रिया या जातीत हे नेमके उलट असते. पहिली जात सखल भागातील जड, चिकण जमिनीत, तर दुसरी पश्चिमेकडील डोंगराळ आणि निचऱ्याच्या जमिनीत अधिक दिसते. बागेच्या संदर्भात नुसते ‘इंग्लिश ओक’ म्हटले की बहुधा पहिली जात अभिप्रेत असते. भूमध्य समुद्राच्या परिसरातून आलेला सदाहरित होम ओक आणि उत्तर अमेरिकेतून आलेले, शरदात पाने लाल करणारे ओक हेही मोठ्या बागांत लावले जातात.

इंग्लिश ओकचे फळ, म्हणजे एकॉर्न, शरद ऋतूत जमिनीवर पडते. त्याच सुमारास त्यातून मूळ बाहेर येते आणि कोंब पुढच्या वसंतात वर येतो. सुरुवातीची वर्षे रोप वर दिसते त्यापेक्षा खाली अधिक वाढते. म्हणूनच रोपवाटिकेतून आणलेले मोठे झाड हलवल्यावर बराच काळ खुंटते, आणि त्याच्या शेजारी लावलेले वीतभर रोप काही वर्षांत त्याला गाठते. ओकला पहिली फळे येण्यास साधारण 40 वर्षे लागतात. त्यानंतरही फळे दरवर्षी सारखी येत नाहीत. काही वर्षे जवळजवळ रिकामी जातात आणि मध्येच एखाद्या वर्षी जमीन फळांनी झाकून जाते. जे नावाचा, पंखांवर थोडी निळी पिसे असलेला पक्षी हिवाळ्यासाठी ही फळे मातीत पुरून ठेवतो. त्यांतली जी खायची राहतात ती उगवतात. इंग्लंडमधील कित्येक बागांत कोणी न लावलेले ओकचे रोप उगवलेले दिसते, ते बहुधा याच पक्ष्यामुळे.

मोकळ्यावर वाढणाऱ्या झाडाच्या खोडाचा घेर वर्षाला सुमारे अडीच सेंटिमीटरने वाढतो, असा ढोबळ नियम ब्रिटिश वृक्षतज्ज्ञ ॲलन मिचेल यांनी रूढ केला. इंग्लिश ओक 20 ते 40 मीटर उंच होतो आणि मोकळी जागा मिळाल्यास त्याचा पसाराही उंचीच्या बरोबरीला येतो. नॉटिंगहॅमशायरमधील शेरवुडच्या वनातील ‘मेजर ओक’ या झाडाचे वय 800 ते 1000 वर्षे असल्याचा अंदाज आहे. त्याच्या खोडाचा घेर सुमारे 11 मीटर आहे आणि जड फांद्यांना टेकू दिलेले आहेत. पाहुण्यांच्या पायांनी मुळांवरची माती घट्ट होऊ लागल्याने 1970च्या दशकात त्याभोवती कुंपण घालावे लागले. बागेच्या दृष्टीने हा अनुभव मोलाचा आहे. जुन्या ओकला कुऱ्हाडीइतकाच धोका त्याच्या छायेत थांबणाऱ्या गाड्यांचा, तेथे केलेल्या फरसबंदीचा आणि मुळांवर टाकलेल्या भरावाचा असतो.

वेली गुलाबांचा इतिहास याहून अलीकडचा आणि पुष्कळसा माणसाच्या हाताने घडलेला आहे. युरोपातील जुने गुलाब, एखाददुसरा अपवाद सोडला तर, वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून वारंवार फुलणारे गुलाब तेथे पोहोचले आणि संकराचे नवे युग सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील चार्ल्सटन येथे जॉन चॅम्पनीज यांनी कस्तुरी गुलाब आणि चिनी गुलाब यांचा संकर केला. त्यातून नॉइझेट हा वेली गुलाबांचा गट उदयाला आला. शतकाच्या शेवटी पूर्व आशियातील रोझा विचुराना ही जमिनीवर पसरणारी, चकचकीत पानांची जाती युरोपात आली. तिच्यापासून फ्रान्समधील बार्बिए रोपवाटिकेने लवचीक फांद्यांचे अनेक गुलाब तयार केले. 1921 मधला ‘अल्बर्टीन’ त्यांपैकीच एक. अमेरिकेत वनस्पतींना पेटंट देण्याचा कायदा झाल्यावर पहिल्या क्रमांकाचे पेटंट 1931 मध्ये ज्या वाणाला मिळाले, तो ‘न्यू डॉन’ हाही वेली गुलाबच होता.

बागकामात वेली गुलाबांचे दोन गट मानतात, आणि छाटणीचा सगळा हिशेब या भेदावर चालतो. पहिला गट क्लायंबरचा. त्याच्या फांद्या जाड व ताठ, फुले मोठी आणि बहर उन्हाळाभर पुन्हा पुन्हा येणारा. उंची बहुधा 3 ते 5 मीटर. दुसरा गट रॅम्बलरचा. त्याच्या फांद्या बारीक व लवचीक असतात, आणि लहान फुलांचे मोठे घोस जून-जुलैच्या सुमारास एकदाच येतात. रॅम्बलरची फुले मुख्यतः आदल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात, म्हणून त्याची छाटणी बहर ओसरल्यावर करतात. हिवाळ्यात तो छाटला तर पुढच्या वर्षीची फुलेच छाटली जातात. क्लायंबर चालू वर्षीच्या बाजूच्या फुटव्यांवर फुलतो, म्हणून त्याला हिवाळ्यातली छाटणी मानवते. आकाराच्या बाबतीत काही रॅम्बलर कोणत्याही लहान बागेला झेपणारे नाहीत. ग्लॉस्टरशायरमधील किफ्ट्सगेट कोर्टच्या बागेत 1938 मध्ये लावलेला आणि त्याच बागेच्या नावाने ओळखला जाणारा गुलाब झाडांवर सुमारे 15 मीटर चढला आहे. अमेरिकेत ॲरिझोनातील टूम्बस्टोन येथे 1885 मध्ये लावलेला बँक्सिया गुलाब मांडवावर इतका पसरला की जगातील सर्वांत मोठे गुलाबाचे झाड म्हणून त्याची ख्याती झाली.

गुलाब चढतो असे म्हणतात, पण त्याला द्राक्षवेलीसारखे ताणे नसतात आणि आयव्हीसारखी भिंतीला चिकटणारी मुळेही नसतात. त्याचे वाकडे काटे सालीतून निघतात. जंगलात ते शेजारच्या झाडाच्या फांद्यांत अडकतात आणि वेलाला तोलून धरतात. सपाट भिंतीवर मात्र हे काटे निरुपयोगी, म्हणून भिंतीवर आडव्या तारा ठोकून त्यांना फांद्या सैल बांधाव्या लागतात. सर्वांत खालची तार जमिनीपासून सुमारे 45 सेंटिमीटरवर आणि पुढच्या तारा 30-30 सेंटिमीटरवर घेण्याची पद्धत आहे. रोप भिंतीला चिकटून न लावता अर्धा मीटर दूर लावतात, कारण भिंतीच्या पायथ्याची माती कोरडी राहते. फांद्या सरळ वर जाऊ दिल्या की शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना रोखून धरते आणि फुले फक्त माथ्यावर येतात. तीच फांदी आडवी वाकवून बांधली की हा रोध सैल होतो, जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून फुटवा निघतो आणि भिंत खालपासून वरपर्यंत फुलते. खांबावर किंवा कमानीवर फांद्या गोल वळवून बांधण्यामागेही हेच कारण आहे.

दोन्ही झाडांच्या तुलनेत निर्णायक ठरणारा मुद्दा घरापासूनच्या अंतराचा आहे. ओकची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरात असतात, पण ती छत्राच्या कडेच्या कितीतरी पलीकडे जातात. आग्नेय इंग्लंडमधील चिकणमाती ओली असताना फुगते आणि कोरडी पडल्यावर आकसते. मोठा ओक उन्हाळ्यात तिच्यातले पाणी ओढून घेतो आणि जवळच्या घराचा पाया असमान खचतो. 1976च्या भीषण अवर्षणात अशा खचलेल्या घरांचे विम्याचे दावे मोठ्या संख्येने पुढे आले आणि झाड व इमारत यांमधील अंतराचा प्रश्न सर्वांच्या नजरेत भरला. क्यू येथील वनस्पती उद्यानाने केलेल्या मुळांच्या पाहणीत ओकमुळे इमारतीला इजा झाल्याची कमाल नोंद 30 मीटरवरची आहे. ब्रिटनमधील घरबांधणीच्या प्रचलित मानकांत ओक पाण्याची मागणी जास्त असलेल्या झाडांत मोडतो. चिकणमातीत अशा झाडाचा प्रभाव त्याच्या पूर्ण उंचीच्या सव्वा पट अंतरापर्यंत धरून पाया आखतात. जुना ओक घाईने तोडणे हाही उपाय नव्हे. पाणी ओढणारे झाड गेले की माती पुन्हा फुगते आणि पाया वर उचलला जाऊ शकतो. शिवाय अनेक जुन्या झाडांना स्थानिक नियोजन प्राधिकरणाच्या आदेशाचे संरक्षण असते, आणि परवानगीशिवाय त्यांची फांदी तोडणेही गुन्हा ठरतो.

वेली गुलाबाच्या मुळांनी इमारतीला असा धोका सहसा पोहोचत नाही. त्याच्याकडून होणारे नुकसान वरच्या भागात असते. जोमदार रॅम्बलर पन्हळीत शिरतो, कौले उचलतो आणि भाराने कमकुवत मांडव वाकवतो. हे दोष कात्रीने आवरता येतात, आणि निवड अगदीच चुकली तर झाड काढून दुसरे लावता येते. फक्त त्याच खड्ड्यात लगेच नवा गुलाब लावला तर तो अनेकदा खुरटतो, म्हणून तेथली माती बदलावी लागते किंवा जागा सरकवावी लागते.

काळाचे गणितही असेच भिन्न आहे. उघड्या मुळांचा गुलाब नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान लावला तर पुढच्याच उन्हाळ्यात थोडी फुले दिसतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी भिंत भरते. बागेतला कलमी गुलाब दोन-तीन दशके जोमाने फुलतो, काही त्याहून पुष्कळ टिकतात. जर्मनीतील हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीवरचा रानगुलाब परंपरेने हजार वर्षांचा मानला जातो. मार्च 1945 मधील बॉम्बहल्ल्यात तो जळाला आणि मुळापासून पुन्हा फुटला. पण असे उदाहरण विरळा. ओकला छाया धरायलाच लावणाऱ्याच्या आयुष्याचा मोठा भाग लागतो आणि त्याचे भरदार रूप पुढच्या पिढ्या पाहतात. म्हणून ओक हे मोठ्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्यांचे झाड ठरले. जॉन एव्हलिन यांनी 1664 मध्ये ‘सिल्वा’ हा ग्रंथ लिहिला, तो आरमाराला लागणाऱ्या लाकडाची चणचण पाहून, जमीनदारांनी झाडे लावावीत यासाठी. पुढे अठराव्या शतकात केपॅबिलिटी ब्राऊन यांच्यासारख्या उद्यानरचनाकारांनी हिरवळीवर एकेकटे ओक आणि त्यांचे पुंजके राखून विस्तीर्ण उद्याने मांडली. गुलाब घराशी निगडित राहिला. उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांनी 1902च्या ‘रोझेस फॉर इंग्लिश गार्डन्स’ या पुस्तकात वेली गुलाबांच्या उपयोगाचा विस्ताराने विचार केला. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी 1930 मध्ये सिसिंगहर्स्टची पडकी वास्तू घेतली तेव्हा तेथे पहिल्यांदा लावलेले झाड ‘मादाम आल्फ्रेड कॅरियेर’ हा पांढरा वेली गुलाब होता.

निसर्गाला मिळणाऱ्या आधारात ओकची बरोबरी होत नाही. ब्रिटनमध्ये 2300हून अधिक जातींचे जीव ओकशी संबंधित असल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी 326 पूर्णपणे ओकवर अवलंबून आहेत. यात सालीवरचे दगडफूल, बुरशी, पतंगांच्या अळ्या, गांधीलमाश्यांचे भाईबंद आणि पोकळ खोडात राहणारी वटवाघळे असे सगळे येतात. गुलाबाचा वाटा लहान आहे, आणि तो वाणावर ठरतो. भरगच्च पाकळ्यांच्या फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्याने मधमाशीला फारसे परागकण मिळत नाहीत. एकेरी फुलांचा रॅम्बलर मात्र उन्हाळ्यात माश्यांना आणि हिवाळ्यात आपल्या लाल फळांनी पक्ष्यांना खाऊ घालतो. अशा वाणाची सुकलेली फुले खुडली तर ही फळे धरत नाहीत.

रोगांच्या बाबतीत गुलाब सतत लक्ष मागतो. पानांवरचे काळे ठिपके, भुरी, तांबेरा आणि मावा हे नेहमीचे शत्रू. भिंतीलगत हवा कोंडल्यावर भुरी वाढते. गळलेली पाने उचलणे, बुंध्याशी पाणी देणे आणि रोगाला दाद न देणारा वाण निवडणे हे फवारणीपेक्षा टिकाऊ उपाय. ओकवर किडी असंख्य, पण बहुतेक निरुपद्रवी. चिंतेच्या गोष्टी वेगळ्या आहेत. काही वर्षांत झाड मारू शकणारा ‘अक्यूट ओक डिक्लाइन’ हा विकार ही एक, आणि रांगेने चालणाऱ्या अळ्यांचा पतंग ही दुसरी. हा पतंग 2006 मध्ये लंडन परिसरात आढळला, आणि त्याच्या अळ्यांच्या केसांनी माणसाच्या त्वचेला व श्वासाला त्रास होतो. इतक्या मोठ्या झाडावरचा उपचार घरच्या माळ्याच्या आवाक्यात नसतो, तेथे प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञच लागतो.

ओकवर गुलाब चढवावा का, हा प्रश्न या दोघांच्या चर्चेत हमखास येतो. उद्यानलेखक विल्यम रॉबिन्सन यांनी 1870च्या ‘द वाइल्ड गार्डन’मधून वनस्पती मोकळेपणी, रानासारख्या वाढू देण्याचा पुरस्कार केला आणि झाडांवर वेली सोडण्याची हौस इंग्लंडात रुजली. हिमालयात बांज ओकच्या पट्ट्यात रोझा ब्रुनोनी हा पांढरा, सुगंधी गुलाब झाडांवर आपसूक चढतो, तेव्हा या कल्पनेला निसर्गाचा आधार आहेच. बागेत मात्र तरुण ओकवर मोठा रॅम्बलर चढवणे चुकीचे. तो शेंडा झाकतो आणि वादळात झाडावर वाऱ्याचा भार वाढवतो. जुन्या, धडधाकट ओकवर माफक वाढीचा रॅम्बलर चालतो. तो खोडापासून निदान मीटरभर दूर, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लावतात, म्हणजे फांद्या आपोआप झाडाकडे झुकतात. पहिली दोन-तीन वर्षे त्याला भरपूर पाणी द्यावे लागते, कारण ओकखालची माती कोरडी असते. ज्या ओकच्या खोडाची आणि फांद्यांची वारंवार तपासणी करावी लागते, त्यावर गुलाब न चढवलेलाच बरा.

मराठी वाचकाच्या परिसरात ओक रानात उगवत नाही. भारतातले ओक मुख्यतः हिमालयात आणि ईशान्येकडे आहेत. पाचगणीच्या रस्त्यांवर दिसणारा सिल्व्हर ओक हा ऑस्ट्रेलियातून आलेला, अगदी वेगळ्या कुळातला वृक्ष आहे. तरीही ओकचा एक अंश महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला आहे. बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ हे फळ नसून पश्चिम आशियातील एका ओकच्या फांदीवर कीटकाने अंडी घातल्यामुळे तयार होणारी गाठ असते. बागेत ओक लावण्याची हौस महाराष्ट्राच्या उष्ण हवेत फलदायी नाही. तेथे त्या जागी वड, पिंपळ, आंबा यांसारखे वृक्ष येतात, आणि अंतराचा ओकसाठीचा विचार त्यांनाही लागू पडतो.

वेली गुलाब मात्र येथे चांगला वाढतो. थंडीत पूर्ण विश्रांती मागणारे रॅम्बलर सखल प्रदेशात नीट फुलत नाहीत, पण चहागुलाबांच्या (टी रोझ) रक्ताचे क्लायंबर उष्णता सोसतात. त्यांच्या पूर्वजांपैकी रोझा जायगँटिया ही जाती भारताची आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज वॅट यांना ती 1882 मध्ये मणिपूरच्या डोंगरांत आढळली. कोडाईकनालचे संकरक एम. एस. वीरराघवन यांनी ही जाती आणि भारतातीलच रोझा क्लायनोफिला यांचा उपयोग करून उष्ण हवेला साजेसे गुलाब घडवले. इंग्लंडमधील हिवाळी छाटणीचे वेळापत्रक मात्र येथे लागू होत नाही. महाराष्ट्रात मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि बहर थंडीत मिळतो.

निवडीचा क्रम यावरून ठरतो. घरापासून 25 ते 30 मीटर मोकळी जागा, शेजाऱ्याच्या कुंपणापासून तितकेच अंतर आणि दीर्घकाळ मालकी असेल तरच इंग्लिश ओकचा विचार करावा. मध्यम जागेत सरळ उभ्या वाढणाऱ्या ‘फास्टिजियाटा’ या वाणाने पसाऱ्याचा प्रश्न कमी होतो, मुळांचा होत नाही. होम ओक छाटून कुंपणासारखाही राखता येतो, पण तेव्हा त्याला गुलाबाइतकेच नियमित श्रम लागतात. याहून लहान बागेत वेली गुलाबच योग्य. ऊन भरपूर असेल तर वारंवार फुलणारा क्लायंबर निवडावा, थोडी सावली असेल तर ‘मादाम आल्फ्रेड कॅरियेर’सारखा ती सोसणारा वाण, आणि ये-जा असलेल्या दारापाशी ‘झेफिरीन द्रुऐं’सारखा बिनकाट्यांचा. वर्षातून एकदा शिडी लावून छाटणी व बांधणी करणारे कोणी नसेल, तर तोही लावू नये. ज्या बागेत मोठा ओक आधीच उभा आहे, तेथे मुळांवरची जमीन मोकळी ठेवून तो राखावा आणि गुलाब त्याच्या छायेबाहेर, उन्हाच्या भिंतीला लावावा.